लोटनचं दुसरं नाव

हेमकांतला कुणी विचारलं, की बुवा तू फळांच्या संघात नेमकं काय करतोस, तर तो आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायचा. याला खरंच ऐकायचंय, की चहा येईपर्यंत वेळ काढायचाय, याचा अंदाज घ्यायचा. मग म्हणायचा, "विंगेत उभा राहतो."

उत्तर खोटं नव्हतं. तापीकाठच्या त्याच्या गावात पूर्वी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला नाटक व्हायचं. गुजर गल्लीतली पोरं दिवसभर केळीला पाणी भरायची आणि संध्याकाळी तालमीला उभी राहायची. प्रत्येकाला राजाच व्हायचं असायचं. हेमकांतचा आवाज बारीक, अंगकाठी किरकोळ. मास्तरांनी त्याला विंगेत उभं केलं आणि सांगितलं, जो अडेल त्याला पुढचा शब्द दे. त्या कामाचा न्याय मोठा उफराटा. प्रेक्षकांना तुझा आवाज ऐकू गेला तर तू नालायक, नटाला नाही ऐकू गेला तरी तूच नालायक. आणि नाटक रंगलं, टाळ्या पडल्या, तर तू तिथं होतास हे कुणाच्या गावीही नसतं.

पुढं शहाद्याच्या तापीमाई फळउत्पादक संघात सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली आणि हेमकांतच्या लक्षात आलं, की गाव बदललं, विंग तीच आहे.

संघाचे सात गावांत काटे. शेतकऱ्याची पपई किंवा केळी काट्यावर चढली, की तिचं वजन तिथल्या कॉम्प्युटरमधून शहाद्याच्या सर्व्हरला जाणार आणि सर्व्हरनं हो म्हटलं की तिकडे पावती निघणार. सगळी यंत्रं लिनक्सवर चालणारी. लिनक्स हेमकांतला कुणी शिकवलं नव्हतं. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, एक मोडका कॉम्प्युटर आणि पुन्हा पुन्हा सगळं बिघडवून बघायची तयारी, एवढ्यावर तो शिकला. वीज कोसळून जळालेले मोडेम, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, केळीच्या ट्रॅक्टरनं खेचून नेलेली केबल, सगळ्यांना तोंड देऊन झालं होतं. केस पांढरे त्यातच झाले, असं त्याची बायको म्हणायची.

या वर्षी संघाचं ऑफिस जुन्या भाड्याच्या इमारतीतून नव्या इमारतीत निघालं आणि हेमकांतनं नोकरीतला पहिला आणि एकमेव हट्ट धरला. यापुढे नंबर नाही. नाव.

भानगड अशी होती. यंत्राला यंत्र ओळखतं ते नंबरानं. आजवर सातही केंद्रांवर सर्व्हरचा नंबरच भरलेला असायचा. ऑफिसची लाइन बदलली की तो बदलायचा आणि मग हेमकांत सात ठिकाणी फोन करून एकेक आकडा ओरडून सांगत बसायचा. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब. समोरून विचारणा व्हायची, "टिंब म्हणजे शून्य का भाऊ?" याच्यावर इलाज म्हणजे नावं सांगणारी एक सेवा. नव्या सर्व्हरवर ती बसवायची. केंद्रानं विचारायचं, अमुक नावाचा सर्व्हर कुठं राहतो? सेवेनं नंबर सांगायचा. घर हजारदा बदलू दे, नाव तेच. म्हणजे पुन्हा प्रॉम्प्टरच, फक्त या खेपेला लोखंडी.

नाव काय द्यायचं यावर हेमकांतनं फार विचार केला. संघाचा पहिला काटामास्तर लोटन म्हणून होता. कधीच वारला बिचारा. त्याच्या काट्याखाली कुणाचा अंगठा गेला नाही, वजनात कुणी नाडला गेला नाही, असा त्याचा लौकिक. हेमकांतनं सर्व्हरचं नाव ठेवलं लोटन. संचालक मंडळाला ते ऐकून गहिवरून आलं. चेअरमन म्हणाले, नाव झकास काढलं. चेअरमननी हेमकांतला उद्देशून बोललेलं ते शेवटचं गोड वाक्य.

कारण त्याच बैठकीत सुरतेची एक पार्टी येऊन बसली होती. सर्व्हर, लाइन, दुरुस्ती सगळं आम्ही बघू, तुमचा माणूस मोकळा करा, असं तिचं म्हणणं. चेअरमनना ते पसंत पडलं होतं, पण जुन्या माणसाला एकदम बाजूला सारलेलं बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी अट घातली. अखाजीच्या आधीच्या सोमवारी जुनी इमारत मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. त्या दिवशी तिथला जुना सर्व्हर बंद होईल, त्याच्या नंबरासकट. त्या घडीला सातही काटे नव्या सर्व्हरवर चालू दिसले पाहिजेत. एक जरी अडला तर काम सुरतेला आणि हेमकांत बारदानात.

बारदान म्हणजे संघाच्या आवाराच्या मागच्या टोकाला असलेलं पत्र्याचं गोदाम. क्रेट, पोती, सुतळ्या आणि त्यांच्यावर बाळंत झालेल्या मांजरी. संघात कुणाचा अपमान करायचा तर त्याला काढून टाकत नसत, बारदानात बसवत.

सहा केंद्रं आठवड्याच्या आत नव्या नावावर आली. तळोद्याच्या कामिनीबाईंनी तर फोन चालू असतानाच नाव टाकून दाखवलं. राहिलं म्हसावद.

म्हसावदच्या काट्यावर सरलाबाई बसायच्या. चाळिशीच्या पुढच्या, कामाला चोख, हिशेबाला पक्क्या. त्यांच्या केंद्राची कधी तक्रार नाही. हेमकांतनं फोनवर विचारलं, नाव टाकलं का? त्या म्हणाल्या, "व्हई गयं भाऊ." झालं म्हणाल्या, पण इकडे बघावं तर म्हसावदची वजनं अजून जुन्याच सर्व्हरकडे चालली होती.

हेमकांतनं नावं सांगणाऱ्या सेवेची नोंद उघडली. कोण कधी काय विचारून गेलं, ते तिच्यात ओळीनं उमटतं. सहा केंद्रं दिवसभर विचारत होती, लोटन कुठे, लोटन कुठे. म्हसावदनं एकदाही विचारलं नव्हतं. हेमकांतनं निष्कर्ष काढला, की प्रश्न वाटेतच अडतोय. मग त्यानं वाट मोकळी करायचा सपाटा लावला. फायरवॉलमधलं दार तपासलं, उघडंच होतं. बंद करून पुन्हा उघडलं. शहादा ते म्हसावद जो खासगी बोगदा टाकला होता, तो उसकटून पुन्हा विणला. केंद्र बंद झाल्यावर तो शहाद्यातून म्हसावदच्या यंत्रात शिरला आणि त्यानं स्वतः लोटन असं टाइप करून बघितलं. टाइप करायचा अवकाश, उत्तर हजर. म्हणजे प्रश्नही पोचत होता आणि उत्तरही. त्यानं वजनाच्या प्रोग्राममध्ये स्वतःच्या हातानं लोटन हे नाव भरलं आणि समाधानानं घरी गेला.

सकाळी बघतो तो म्हसावद पुन्हा जुन्या नंबरावर.

इथं त्या प्रोग्रामबद्दल सांगायला हवं. तो इतका जुना आणि विसरभोळा होता, की लाइट गेली किंवा लाइन तुटली की भूमिका विसरलेल्या नटासारखा शुंभ उभा राहायचा. पडद्यावर एक चौकट यायची, "कुठे जोडायचं?" आणि तिथं पुन्हा सगळं टाइप करावं लागायचं. म्हसावदला लाइट दिवसातून कितीदा जाते याची मोजदाद कुणी ठेवत नाही. म्हणजे तिथं रोज कुणीतरी नंबर टाइप करत होतं. पण सरलाबाई तर म्हणत होत्या, "व्हई गयं." मग टाइप कोण करतंय? भूत?

हेमकांतनं पुन्हा नाव भरलं. पुन्हा नंबर. पुन्हा भरलं. पुन्हा नंबर. त्याला वाटू लागलं, यंत्राच्या पोटात कुठंतरी जुनी आठवण चिकटून बसलीय, ती खरवडून काढावी. त्यानं ती खरवडली. मग वाटलं, लाइनवाल्या कंपनीनं मध्येच काही घोळ घातला असेल. तिथल्या माणसानं अर्धा तास गाणं ऐकवलं आणि यंत्र बंद करून चालू करा म्हणून सांगितलं. हेमकांतनं फोन असा ठेवला, की शेजारच्या टेबलावर हिशेब लिहिणाऱ्या प्रतिभाताईंचं पेन खाली पडलं.

प्रतिभाताई मनानं चांगल्या, पण जिभेला हाड नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "बारदानात गेलात की माझ्यासाठी एक चांगलं क्रेट बाजूला ठेवा. भाजी ठेवायला होईल."

हेमकांतला रागही येईना, इतका तो शिणला होता. आयुष्यभर ज्या चुका शोधल्या, त्या सगळ्यांना एक कारण असायचं. उंदीर असायचा, वीज असायची, स्वल्पविराम राहिलेला असायचा. इथं सगळं बरोबर होतं आणि तरी चालत नव्हतं. तोंडपाठ संवाद, उत्तम नट, प्रॉम्प्टर सावध, आणि ऐन प्रवेशाला नट भलताच संवाद म्हणतोय.

शेवटी त्यानं सरलाबाईंना फोन लावला आणि म्हणाला, आपण दोघं मिळून बघू, मी सांगतो ते टाइप करा. सरलाबाई पपया निवडत होत्या, हात चिकानं भरलेले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून काट्यावर ठेवला. हेमकांतनं सांगितलं, नाव टाइप करा आणि काय येतं ते वाचा. त्या म्हणाल्या, काहीच येत नाही. तो म्हणाला, परत टाका. परत काही नाही. तिकडे बोटं हललीच नव्हती, हे इकडे कसं दिसणार? हेमकांतची सहनशक्ती तिथं संपली. तो कडाडला, आणि कडाडला तेव्हा त्याचा बारीक आवाज भलताच लांब गेला.

"लोटन मेलाय का तेवढं सांगा मला! मेला असंल तर त्याला इथून लाथ घालून उठवतो!"

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. फोन बंद. त्यानंतर म्हसावदहून कुणी हेमकांतचा फोन उचलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही.

आता सोमवारच्या आधी फक्त रविवार उरला होता. काटा रविवारीही चालतो, फळ काही कॅलेंडर बघून पिकत नाही. हेमकांतनं लॅपटॉप पाठीला बांधला, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि मोटरसायकल काढली. वैशाख तोंडावर आलेला. म्हसावदच्या रस्त्याला दोन्हीकडे पपईच्या बागा, आणि पलीकडे सातपुडा धुरकट झालेला. वाटेत तो मनातल्या मनात सरलाबाईंना बोलायची वाक्यं जुळवत होता. कठोर, पण सभ्य. संघाच्या शिस्तीचा उल्लेख असलेली.

काट्यावर पोचला तेव्हा त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. सरलाबाईंनी त्याला बघितलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि पाणी आणून दिलं, वर चहा सांगितला. पत्र्याच्या छपराखाली काटा, काट्यापाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. समोर निंबाखाली खाट, आणि खाटेवर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडलेले. केंद्राची जागा सरलाबाईंच्या सासरच्या, पाटलांच्या खळ्यातली, तेव्हा हे सरलाबाईंचे सासरे असणार, एवढं हेमकांतनं ताडलं. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, हे त्याला माहीत होतं. त्यांचं पाळण्यातलं नाव विचारायची वेळ कधी आली नव्हती.

तो टेबलाशी बसला. पडद्यावर जुना नंबर. त्यानं सरलाबाईंकडे बघितलं. सरलाबाईंनी पपईकडे बघितलं.

तेवढ्यात लाइट गेली आणि थोड्या वेळानं आली. पडद्यावर चौकट उगवली, कुठे जोडायचं? हेमकांत मुद्दाम उठून बाजूला झाला. सरलाबाई पुढं झाल्या, पदराला हात पुसले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका बोटानं, न अडखळता, न बघता, तो सगळाच्या सगळा जुना नंबर टिंबांसकट ठोकून मोकळ्या झाल्या.

भूत सापडलं होतं. ते नऊवारीतही नव्हतं, फिक्या हिरव्या सुती साडीत होतं.

"बाई," हेमकांतचा आवाज फाटला, "एवढा लांबलचक नंबर पाठ केलात, आणि पाच अक्षरांचं नाव टाकता येत नाही? मी तिकडे आठ दिवस भिंतीवर डोकं आपटतोय! इथं फक्त लोटन लिहायचं. एल, ओ, टी, ए, एन. लोटन! काय अवघड आहे त्यात? लोटन!"

सरलाबाईंनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. निंबाखालून खाट करकरली आणि तिकडून खर्जातला आवाज आला.

"कोन रे तो? त्या दिन फोनवर माले मारी टाकं, आते घर यीसन बोंब ठोकी ऱ्हायना? मी जित्ता शे अजून."

हेमकांत वळला. म्हातारा खाटेवर उठून बसला होता आणि टोपी नीट करत होता. हेमकांतनं एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा सरलाबाईंच्या पदराकडे, एकदा पडद्याकडे. रंगमंचावर कधी कधी असं होतं, की सगळे दिवे एकदम लागतात आणि नटाला दिसतं, आपण भलत्याच नाटकात उभे आहोत.

सरलाबाईंच्या सासऱ्यांचं नाव लोटन होतं.

खानदेशात लोटन नावाची माणसं काय कमी आहेत? गल्लीगणिक एक सापडेल. हेमकांतच्या स्वतःच्या आईनं हयातभर सासऱ्याचं नाव घेतलं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. हे सगळं माहीत असलेला माणूस तो. पण त्याला वाटलं होतं, ते तोंडाचं झालं. कीबोर्डला कुठली आली सासुरवाडी?

"अहो, टाइपच तर करायचं होतं," तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "बोलायचं थोडंच होतं?"

"जे तोंडे येत नई, ते हातले कसं येई भाऊ?" सरलाबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांनी खाटेकडे मान हलवली. "आन् त्या समोर बठेल शेतस."

"मग मला आधी सांगायचं ना, बाई! फोनवर एका शब्दात सांगितलं असतं तर..."

"काय सांगतू?" त्या म्हणाल्या. "सांगाले बी नावच लेनं पडतं."

असला प्रश्न त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातही नव्हता. हेमकांत खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आबांना वाटलं पाहुण्याला ऊन लागलं. त्यांनी त्याला खाटेवर बोलावून बसवलं आणि समजूत घालायला म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगितली.

"मन्ही घरवाली बी तशीच व्हती. दवाखानामा बाबूनी इचारं, नवरानं नाव काय? ती काही बोले नई. कोपरामा पानीना लोटा व्हता, त्याकडे बोट दखाडं. बाबू पडना पुण्याकडला. त्यानी लिखी टाकं, तांब्या पाटील." म्हातारा स्वतःच खदखदून हसला. "औषधं त्याच नाववर उनीत. गाव माले वरिसभर तांब्या म्हने."

सरलाबाई तर सासूच्याही पुढच्या निघाल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी लोटा हा शब्दही उच्चारला नव्हता. पाण्याचं भांडं म्हणायच्या. आणि त्या दिवशी काट्यावर ठेवलेल्या फोनमधून भर दुपारी, आबा समोर असताना, सासऱ्याच्या नावानं मेलाय का आणि लाथ घालतो असं ऐकू आलं तेव्हा हातातली पपई सुटली होती ती त्यांच्याच. वर आबा नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठलेले. हेमकांतला हे कळलं तेव्हा त्यानं खाली वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. म्हातारा म्हणाला, मशिनला मारलंस, मला नाही, ऊठ.

पण उठून करायचं काय? सर्व्हरचं नाव बदलावं तर सहा केंद्रांना पुन्हा फोन, पुन्हा घोळ, आणि मध्ये एक रात्र. चेअरमनना सांगावं, की लोटन नाव मागं घेतो, तर सुरतेच्या पार्टीला आयताच विनोद. हेमकांत चहाचा कप तसाच धरून बसला. मग एकदम त्यानं कप खाली ठेवला. हे पुस्तकात होतं. कधी वापरायची वेळ आली नव्हती म्हणून डोक्यातून गेलं होतं, इतकंच. नावाच्या सेवेला एका सर्व्हरची दोन नावं सांगून ठेवता येतात. एक खरं, एक टोपण. टोपणनावानं विचारलं तरी ती खऱ्याच्याच घरी नेऊन सोडते.

त्यानं सरलाबाईंना विचारलं, तुम्हाला तोंडानं घेता येईल असं एखादं नाव सांगा. कुठलंही चालेल. ते फक्त तुमच्यासाठी.

सरलाबाई संकोचल्या. म्हणाल्या, तुम्हीच ठेवा. हेमकांत म्हणाला, आबा ठेवू? त्या घाईनं नको म्हणाल्या. उद्या सर्व्हर बंद पडला की तुम्ही आबा मेले म्हणाल. हेमकांतनं कबूल केलं, की म्हणेन. खाटेवरून सूचना आली, तांब्या ठेवा. सरलाबाई पदरात तोंड लपवून हसल्या, पण ते नाव ज्याच्यावरून आलं तेही वर्ज्यच. पडद्यावरची चौकट मध्येच पुन्हा उगवली होती आणि विचारत होती, कुठे जोडायचं?

सरलाबाई त्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माहेर लिखा."

"दखा," आबा निंबाला सांगितल्यासारखं म्हणाले. "सासरानं नाव तोंडे येत नई, माहेरनी वाट मात्र पाठ शे."

सरलाबाईंनी टेबलावरच्या पावत्या सारख्या केल्या. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोक्यावर बसतात. पण अखाजी म्हणजे पपईचे शेवटचे तोडे, काटा ऐन भरात. काटा हाती घेतल्यापासून त्यांची अखाजी याच टेबलाशी झाली होती, हे आबांनाही ठाऊक होतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि विषय बदलला.

हेमकांतनं तिथूनच शहाद्याच्या सर्व्हरमध्ये शिरकाव केला. नावांची फाइल उघडायची आणि एक ओळ घालायची, डावीकडे माहेर, उजवीकडे लोटन, एवढंच काम. पण ओळ पडद्यावर उमटली तशा सरलाबाईंनी मान वळवली. तेव्हा त्या माणसानं काय करावं? डाव्या हाताचा पंजा उजवीकडच्या शब्दावर झाकून धरला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं उरलेलं काम पुरं केलं. असलं कॉन्फिगरेशन लिनक्सच्या इतिहासात कुणी केलं असेल असं वाटत नाही.

मग सरलाबाईंनी चौकटीत माहेर असं टाइप केलं. यंत्र जोडलं गेलं. पावती निघाली. हेमकांतनं वायर उपटून पुन्हा लावली, तरी जोडलं गेलं. तिसऱ्यांदा वायर उपटायला निघाला तेव्हा आबा म्हणाले, लोकांचा माल काट्यावर आहे, खेळ पुरे.

सोमवारी सकाळी नव्या ऑफिसात चेअरमन, दोन संचालक आणि बॅग मांडीवर घेऊन सुरतेचा गृहस्थ, असे सगळे भिंतीवरच्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर सात नावं, सात हिरवे ठिपके. हेमकांत एकटा जुन्या इमारतीत, जुन्या सर्व्हरपाशी. लॅपटॉप उघडा, तेच ठिपके त्याच्याही समोर. खोलीत सामान उरलं नव्हतं. एक पंखा आणि ते धुरकटलेलं यंत्र, ज्याला कुणी कधी नावच दिलं नव्हतं. त्यानं बंद करायचा हुकूम टाइप केला. यंत्राचा घूं घूं आवाज उतरत गेला आणि थांबला.

चेअरमननी फोनवर विचारलं, "मेला का तो जुना?"

हेमकांतनं मेला हा शब्द जिभेवरच अडवला. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद झालं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. "वाढवला, साहेब," तो म्हणाला.

आणि त्याच वेळी लॅपटॉपवर म्हसावदचा ठिपका लाल झाला.

तिकडे सुरतेच्या गृहस्थानं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला. चेअरमन म्हणाले, "हेमकांत, लाल कशाला झालं?" हेमकांतला माहीत होतं. लाइट गेली असणार, दुसरं काय. पण हे असं सांगायचं तर आजवर सांगितलेल्या सगळ्या खऱ्या कारणांसारखंच ते सबबीसारखं ऐकू येणार. तो नोंदीकडे डोळे लावून बसला. विंगेत जसा उभा राहायचा, तसाच. नट अडलाय, शब्द ओठांवर आहे, पण आधी नटानं कान द्यायला हवा. तळोदा विचारून गेलं, लोटन कुठे. प्रकाशाचं केंद्र विचारून गेलं, लोटन कुठे. आबांचा धाक, समोरचा निंब, पदराला पुसलेली बोटं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. नवं नाव विसरून सवयीनं नंबर टाकला असेल तर तो नंबर आता या जगात नव्हता.

मग नोंदीत एक ओळ सरकली. म्हसावद विचारत होतं, माहेर कुठे?

सेवेनं सांगितलं. ठिपका हिरवा झाला.

मग चेअरमननी विचारलं, ही नोंद इथं पडद्यावर दिसतेय, त्यात हे माहेर काय प्रकरण आहे? हेमकांतनं थोडक्यात सांगितलं. सुरतेच्या गृहस्थाला ते समजावून सांगायला चेअरमननी मराठीतून गुजरातीत बरीच खटपट केली, आणि शेवटी म्हणाले, राहू दे, तुम्हाला नाही कळायचं, चहा घ्या. चहा म्हणजे निरोपाचा, हे त्या हुशार गृहस्थाला कळलं. बॅगेची चेन परत बंद झाली.

हेमकांत नव्या ऑफिसात आला तेव्हा त्याला वाटलं होतं, निदान आजचा दिवस कुणी छळणार नाही. खुर्चीत टेकतो तोच तळोद्याहून कामिनीबाईंचा फोन. म्हसावदला माहेर दिलंत म्हणे, आम्हाला काय घोडं मारलं? त्यानं समजावलं, की अहो तुमच्या घरात कुणी लोटन नाही, तुम्हाला अडचण कसली? त्या म्हणाल्या, अडचण कशाला हवी, रोज सकाळी लोटन लिहिण्यापेक्षा माहेर लिहिलेलं बरं वाटतं. नाव चालतं ना तिथून? चालत होतं. नोंद एकदा केली की ती सगळ्यांनाच लागू. दुपारपर्यंत सातांपैकी पाच केंद्रं माहेर कुठे, माहेर कुठे म्हणून विचारत होती. ज्या लोटनच्या नावानं संचालक मंडळ गहिवरलं होतं, त्याला विचारणारं फक्त दोन गावांत उरलं. हेमकांतनं कपाळाला हात लावला. इतका विचार करून नाव ठेवावं, आणि माणसांनी ते टोपणनावाखाली पुरून टाकावं.

"बारदानात नाही गेलात ना," प्रतिभाताई म्हणाल्या. "मग हसा की जरा."

तो हसणारच होता, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. म्हसावद. तिकडे फोन स्पीकरवर असल्याचं काट्याच्या खणखणाटावरून कळत होतं.

"भाऊ," सरलाबाई म्हणाल्या, "माहेर लागत नई."

"लाइट गेली असेल बाई," हेमकांत दात आवळून, पण हळू आवाजात म्हणाला. "दम धरा जरा. माहेर कुठं पळून जात नाही."

"मी बी तेच म्हनी ऱ्हायनू," निंबाखालून आवाज आला. "पन त्याले इचारी ले, आज कोन मरनं."